कॉटखालचं पीठ

गंगापूर रोडवरच्या एका लॅबच्या काउंटरवर हर्षाली दिवसभर लोकांचे रिपोर्ट पाकिटात घालायची. एका सकाळी पाकीट देता देता तिलाच भोवळ आली. लॅबमधल्या डॉक्टर मॅडमनी तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ.

"खातेस काय तू?" मॅडमनी विचारलं.

सकाळी वडापाव, संध्याकाळी मंचुरियन नाहीतर नूडल्स. मेसचा डबा पगारात बसत नव्हता.

"नागली खा, पालेभाजी खा, गूळ-शेंगदाणे खा. यात महाग काहीच नाही."

नागली तर तिच्या कॉटखालीच होती. पाच किलो नाचणीचं पीठ, आईनं हरसूलहून एसटीच्या कंडक्टरजवळ पाठवलेलं. पण भाकरी भाजायची कुठे? तिसऱ्या मजल्यावर ती आणि सायली राहायच्या त्या खोलीत दोन कॉट, दोन कपाटं आणि दारावर चिकटवलेला कागद: गॅस, शेगडी, किटली चालणार नाही. घरमालकीण काकू दिवसाआड वर येऊन बघून जायच्या. अकरा महिन्यांच्या आत खोली सोडली तर डिपॉझिट बुडणार होतं. आणि नोकरी सोडून एकदा हरसूलला गेली, की घरचे परत नाशिकला पाठवणार नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं.

तिनं मूग भिजवून फडक्यात बांधले, मोड आणले. काकडी, टोमॅटो, पेरू, शेंगदाणे. चार-पाच दिवस बरं वाटलं, मग सगळं कच्चं खाऊन पोट फुगायला लागलं. गरम काहीतरी पोटात जावं म्हणून तिनं किटली आणून अंडी उकडली. टरफलं कचऱ्याच्या डब्यात सापडली. काकू किटली उचलून घेऊन गेल्या.

"पुन्हा दिसलं तर सामान खाली ठेवीन," जाताना म्हणाल्या.

त्या संध्याकाळी हर्षाली परत मंचुरियनच्या गाडीपुढे उभी राहिली. एक प्लेट घेऊन तिनं ती उभ्यानंच संपवली.

रविवारी तिनं पिठाची पिशवी उघडली, तर आत जाळ्या धरलेल्या. ती पिशवी टाकायला खाली आली. समोरच्या प्लॉटवर इमारतीचं काम चाललं होतं. तिथला वॉचमन यादव आणि त्याची बायको बायडाबाई पत्र्याच्या खोलीत राहायचे. बायडाबाई दारातल्या चुलीपुढे बसली होती.

"काय टाकते गं? नागली हाय का ती?"

"हो मावशी. खराब झालीय."

"आण इकडं. चाळलं की झालं. अन्न टाकत्यात का?"

बायडाबाईनं खरंच पीठ चाळलं, उकळत्या पाण्यात मळलं आणि पहिली भाकरी तव्यावर टाकली. सोबत हरभऱ्याची भाजी होती. हर्षाली विटांवर बसून जेवली. दुसरी भाकरीही तिनं संपवली.

"रोज ये," बायडाबाई म्हणाली. "पीठ तुझं, भाजी तू आण. चूल तर पेटलेलीच राहते."

मग ती रोज सकाळी सातला मेथी नाहीतर शेपूची जुडी घेऊन जायची, आणि लॅबमध्ये डबा न्यायची; पीठ संपत आलं की आई एसटीनं आणखी पाठवायची. काकूंनी जिन्यात अडवून विचारलं, "मजुरांच्या पंगतीला बसतेस? आमच्या बिल्डिंगचं काय नाव राहील?" हर्षाली खाली मान घालून पुढं गेली. चूल त्यांच्या आवारात नव्हती, त्यामुळे काकूंना जास्त काही बोलता आलं नाही. दीड महिन्यानं हिमोग्लोबिन साडेनऊ झालं.

पण इमारत पुरी होत आली. "पाडव्याच्या आत आडगावला जायचंय," बायडाबाईनं सांगितलं. "शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तिकडं नवीन साइट हाय."

डिपॉझिट गेलं तरी चालेल म्हणत हर्षालीनं स्वयंपाकघर असलेली खोली शोधून पाहिली. एका ठिकाणी भाडं झेपेना, दुसऱ्या ठिकाणी एकट्या मुलीला खोली देत नव्हते.

निघायच्या आदल्या दिवशी बायडाबाईनं उरलेलं सगळं पीठ कढईत खमंग भाजलं, त्यात दाण्याचं कूट आणि किसलेला गूळ घातला. "गार पाण्यात नायतर दुधात कालवायचं. विस्तव लागत नाय. लय दिवस टिकतं. संपलं की आईला सांग, भाजूनच धाड म्हणावं."

दुसऱ्या दिवशी बायडाबाईचं सामान घेऊन टेम्पो गेला. हर्षालीनं खोलीचं दार लावून घेतलं आणि पेल्यात पीठ कालवलं. शेजारच्या कॉटवर बिस्किटं खात बसलेली सायली उठून जवळ आली.

"वास छान येतोय. मला देशील थोडं?"

हर्षालीनं डब्यात किती आहे ते एकदा पाहिलं, आणि दुसरा पेला शोधायला लागली.