उलट्या तारांची गिटार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे, आणि माझ्या तारा उलट्या आहेत. जिथे जाड तार हवी तिथे बारीक आहे आणि बारीक हवी तिथे जाड. जाणकार माणूस मला हातात घेतो, एकदा छेडतो आणि तोंड वाकडे करून खाली ठेवतो. त्याला वाटते, कुणा अडाण्याने हिचे वाटोळे केले. माझे वाटोळे झाले हे खरे, पण ते फार प्रेमाने झाले. ते कसे, हे एकदा कुणाला तरी सांगावे असे कितीतरी वर्षे मनात होते.

जन्मले तेव्हा मी चारचौघींसारखी सरळच होते. लाकडाच्या भुशाने भरलेल्या एका लांबट खोलीत मी तयार झाले. फिकट लाकडाची पातळ पट्टी वाफेवर वाकवून माझी कंबर घडवली, सरस लावून पाठ चिकटवली आणि ती सुटू नये म्हणून मला चिमट्यांत आवळून ठेवले. तिथला म्हातारा कारागीर प्रत्येकीच्या छातीवर बोटाने टकटक करून कान लावायचा. कुणाला ‘वा’ म्हणायचा, कुणाला ‘सुरेख’. माझ्यावर टकटक करून तो म्हणाला, ‘ठीक आहे.’ म्हणजे मी ठीकच होते, त्यात खोटे काही नाही. तरी त्या म्हाताऱ्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

वाद्यांच्या दुकानात भिंतीवर टांगून घेऊन मी बरेच दिवस रस्ता बघत होते. तिथून मला फोटोदादा घरी घेऊन गेले. ते दवाखान्यात एक्सरे काढायचे. हाडांचा फोटो काढणारे म्हणून सगळे त्यांना फोटोदादा म्हणत. डावा हात, उजवा हात, डावी बरगडी, उजवी बरगडी, हे नीट बघून फिल्मवर खूण करायची, यात त्यांची कधी चूक झाली नाही. डॉक्टर म्हणायचे, दादांनी खूण केली की डोळे मिटून प्लास्टर घालावे.

असा हा माणूस, आणि त्याला वेड लागले ते एका गिटारवादकाचे. त्या वादकाची एक कॅसेट त्यांना कुठून तरी मिळाली होती. नावाने हाक मारणे त्यांना उद्धटपणाचे वाटे, म्हणून ते त्याला नुसते ‘उस्ताद’ म्हणत. कॅसेटच्या वेष्टनावर उस्तादांचा फोटो होता. बाकावर बसून, मान थोडी झुकवून ते वाजवत होते, उजवा हात माझ्यासारखीच्या मानेवर आणि डावा हात तारांवर.

‘उस्ताद डावखुरे आहेत,’ फोटोदादांनी बायकोला सांगितले, ‘तो गोडवा येतो कुठून? डाव्या हातातून.’

झाले! त्याच आठवड्यात माझ्या सगळ्या तारा उतरवल्या आणि उलट्या क्रमाने चढवल्या. मानेच्या टोकाला तारा बसायच्या खाचा जाड तारांना पुरेनात, तेव्हा कानशीने त्या रुंद केल्या. बारीक तारा मोठ्या खाचांत सैल पडून झिणझिणू लागल्या, तेव्हा एक्सरेच्या जुन्या फिल्मचे कपटे कापून खाली सरकवले. छेडायची नखीसुद्धा फिल्मचीच. कुणाच्या तरी गुडघ्याचा करडा तुकडा माझ्या तारांवरून फिरायचा. माझ्या छातीवर ओरखड्यांपासून वाचवणारी काळी पट्टी आहे, ती आता भलत्याच बाजूला गेली. ओरखडे उघड्या लाकडावर पडू लागले.

खरी कसोटी मात्र त्यांचीच होती. फोटोदादा जेवायचे उजव्या हाताने, लिहायचे उजव्या हाताने, खिळा ठोकायचे उजव्या हाताने, आणि मला वाजवायचे डाव्या हाताने. सुरुवातीला तो हात इतका आडमुठा होता की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. बायकोने एकदा विचारले, सरळ वाजवले तर नाही का चालणार? ते म्हणाले, मग ते उस्तादांसारखे कसे होईल? एक ओळ ऐकायची, कॅसेट थांबवायची, ती ओळ माझ्यावर शोधायची, पुन्हा मागे न्यायची. दवाखान्यातून येऊन चहा झाला की हेच. बोटे सोलली, मग घट्टे पडले, आणि मग हळूहळू तो हात शहाणा झाला. पुढे पुढे तर अवघड सुरावटी त्यांच्यासाठी खरोखरच डाव्या हातचा मळ झाल्या. दवाखान्यातल्या मुख्य परिचारिका निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात आम्ही वाजवले, आणि त्या बाईंनी भाषणाऐवजी तेच पुन्हा वाजवायला सांगितले. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एकदा उस्तादच गावात आले. फोटोदादांनी रजा काढली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मलाही बरोबर घेतले. माझ्या छातीवर उस्तादांची सही घ्यायची होती. मी पिशवीत त्यांच्या गुडघ्यांना टेकून उभी होते. पडदा वर गेला, टाळ्या झाल्या, पहिली सुरावट आली, आणि माझ्याभोवतीचे त्यांचे हात एकदम घट्ट झाले. उस्ताद उजव्या हाताने वाजवत होते. सगळे वाजवतात तसेच.

कार्यक्रम संपल्यावर फोटोदादा सहीच्या रांगेत उभे राहिले, कारण निघून जायलाही धीर लागतो. उस्तादांनी मला हातात घेतले, सवयीने छेडून पाहिले आणि त्यांची बोटे अडखळली. त्यांनी आदराने विचारले, ‘तुम्ही डावखुरे का?’

‘हो,’ फोटोदादा म्हणाले.

सही न घेताच आम्ही घरी आलो. त्यांनी दिव्याखाली वेष्टन धरले आणि आता कुठे त्यांना दिसले, की फोटोतल्या शर्टाचा खिसा, जो एरवी डावीकडे असतो, तो उजवीकडे होता. छापणाऱ्याने फोटोच उलटा छापला होता. जगाचे डावे-उजवे तपासणाऱ्याला घरातला खिसा दिसला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बायकोने समजूत घातली की त्यामुळे तुमचे वाजवणे काही वाईट होत नाही. त्यांनी मला पुसले, पिशवीत घातले आणि कपाटावर ठेवले.

मित्रांनो, कपाटावरचे आयुष्य मी फार सांगणार नाही. वर छताचा उकाडा, खाली माणसांचे आवाज. माझ्या तारा गंजल्या, पाठीचा सांधा एका बाजूने उकलला. खाली त्यांची मुलगी मोठी होत होती. तिच्या रडण्याचे, पाढे म्हणण्याचे आवाज मी ऐकले. कपाटावर नजर जाऊ नये म्हणून फोटोदादांनी आपली खाट दुसऱ्या भिंतीला सरकवली, हेही मला खाट ओढल्याच्या आवाजावरूनच कळले. मला तेव्हा फार वाईट वाटले.

मुलगी मोठी झाल्यावर तिनेच गिटारचा हट्ट धरला. तिच्यासाठी नवी, सरळ गिटार आली आणि ती शिकवणीला जाऊ लागली. पण तिचे काही केल्या जमेना. गुरुजी समोर बसत, त्यांच्या गिटारची मान एकीकडे आणि हिच्या गिटारची दुसरीकडे. त्यांचे बोट कुठे आहे ते मनात उलटे करून घेईपर्यंत ते पुढे गेलेले असत. ती घरी येऊन रडायची. आई म्हणाली, बाबांना विचार. फोटोदादा म्हणाले, ‘माझं सगळं उलटं आहे बाळा. तुझाही हात बिघडेल.’ आपली चूक मुलीच्या बोटांत उतरेल, एवढी एकच भीती त्या माणसाला होती.

एका रविवारी दुपारी ती स्टुलावर चढली आणि मला खाली घेऊन आली. माझ्या धुळीने तिला शिंका आल्या. ‘फक्त एकदा दाखवा,’ ती म्हणाली, ‘मी बघणार नाही, नुसती ऐकेन.’ यावर कुठला बाप नाही म्हणेल? त्यांनी गंजक्या तारा जरा जुळवल्या आणि तिच्या समोर बसून हळू वाजवू लागले. तिने अर्थातच बघितले. बघता बघता तिचा हात आपोआप हलू लागला. तिकडे त्यांचे बोट, इकडे तिचे बोट, गिटारच्या मानेवरच्या त्याच घरात, त्याच वेळी. शिकवणीत जी सुरावट आठवडाभर हाताला लागली नव्हती, ती तिने तिथल्या तिथे वाजवली.

‘बाबा, तुम्ही आरशातल्यासारखे दिसता. मला काही उलटं करावंच लागत नाही.’

फोटोदादा थांबले. मग त्यांना रडू आले आणि त्यांनी ते लपवले नाही. दुसऱ्या दिवशी माझा सांधा चिकटवून झाला, नव्या तारा आल्या, आणि त्या उलट्याच चढवल्या गेल्या. पुढे गल्लीतली कितीतरी माणसे त्यांच्या समोर बसून शिकली. इतरांकडे महिनाभर अडलेला त्यांच्याकडे पटकन सुटायचा, आणि कारण विचारले की ते माझ्या उलट्या तारांकडे बोट दाखवायचे.

आता फोटोदादा नाहीत. मी मुलीच्या घरी आहे, आणि माझी भीती साधी होती. तिचा हात उजवा, तिच्याकडे तिची सरळ गिटार, मग माझे इथे काय काम? परवा तिच्याकडे एक बसचालक शिकायला आले. जाडजूड बोटांचे, वयाने मोठे, उमेद मात्र तरुण. ती समोर बसून दाखवायची आणि ते गोंधळून जायचे. दोन-तीनदा असे झाल्यावर तिने आपली गिटार बाजूला ठेवली आणि मला मांडीवर घेतले. तिच्या डाव्या हाताला नखी धरता येईना. उजव्या हाताची बोटे भलत्या तारांवर पडत होती. इतके बेसूर मी फोटोदादांच्या पहिल्या आठवड्यानंतर ऐकले नव्हते.

‘ताई, तुमचंच चुकतंय की,’ बसचालक म्हणाले.

‘मी आजपासून शिकतेय,’ ती म्हणाली, ‘आपण दोघं बरोबरच शिकू.’

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात कपाटावर एखादे वाद्य पडले असेल तर खाली घ्या. धूळ पुसा, उन्हापासून दूर ठेवा, वाजवायचे नसेल तर तारा सैल सोडा. आणि ते वाजवणारा माणूस अजून घरात असेल, तर त्याच्या समोर जाऊन बसा. तो बरोबर वाजवतो की चूक, हे नंतर बघता येईल. मला आता रजा द्या. ती हात धुऊन आली आहे, आणि आज आम्हाला पहिली ओळ बसवायची आहे.