चार फडकी

तृप्तीने आकांक्षाची नाडी पुन्हा पूर्ण मिनिटभर मोजली. एकशे चौदा. बाळंत झाली तेव्हा ब्याऐंशी होती, पंधरा मिनिटांपूर्वी शहाण्णव. रक्तदाब मात्र जागच्या जागी, आणि अंगाखालचं फडकं जवळजवळ कोरडं. फडकं म्हणत होतं सगळं आलबेल आहे, नाडी म्हणत होती नाही. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं.

अंबडच्या त्या लहानशा दवाखान्यात सकाळपासून आनंदाला उधाण आलं होतं. अंतरवालीच्या सोनूबाईंना पहिला नातू झाला होता. घरची माणसं फाटकापाशी रिक्षावाल्यांनासुद्धा पेढे वाटत होती. सोनूबाई तेवढ्या सुनेच्या खाटेपासून हलल्या नव्हत्या.

"झोपू द्या तिला, सिस्टरबाई," त्या म्हणाल्या. "लई दमून गेल्ती पोरगी. आता कुठं निवांत पडून राह्यली."

तृप्तीला एकटीने वॉर्ड सांभाळायला लागून तीनच आठवडे झाले होते. गेल्या सोमवारी तिने डॉक्टर अद्वैतना ओपीडीतून धावत आणलं आणि काहीच निघालं नाही. त्यावरून दोन दिवस चहाच्या वेळी तिची थट्टा झाली होती. ती आठवण क्षणभर आडवी आली. मग तिने आकांक्षाच्या पोटावर हात ठेवला.

बेंबीखाली कवठासारखा टणक गोळा लागायला हवा होता. हाताला लागली मऊ, मळलेली कणीक. गर्भाशय सैल पडलं होतं, म्हणजे रक्त वाहतच असणार.

तिचं डोकं एकदम लख्ख झालं. एका हाताने ती पोट जोरात चोळू लागली. तिची हाक ऐकून शेजारच्या वॉर्डातून मीना सिस्टर आल्या. त्यांनी नळी घालून लघवी मोकळी केली, सलाईनमधून गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन सोडलं आणि डॉक्टरांना फोन लावून तृप्तीच्या कानाशी धरला. डॉक्टर निघालोच म्हणाले, पण रक्त जालन्याहून मागवावं लागणार होतं. "एकूण किती गेलंय?" त्यांनी विचारलं.

तृप्तीने सोनूबाईंकडे पाहिलं. "मावशी, फडकी किती बदलली?"

"एकच." सोनूबाईंनी मान खाली घातली.

तेव्हा तिला उमगलं. बाळंतिणीची फडकी परक्याच्या नजरेला पडू द्यायची नाहीत, नाहीतर दृष्ट लागून दूध आटतं, असं तिच्या आजोळीही मानत. सोनूबाई मायेनेच दर थोड्या वेळाने जुन्या लुगड्याचं स्वच्छ फडकं घालत होत्या, आणि भिजलेलं लपवत होत्या.

"मावशी, दृष्ट लागली तर मी स्वतः मीठ-मिरच्या ओवाळून टाकीन," पोटावरचा हात न थांबवता तृप्ती म्हणाली. "पण तिचं रक्त मला दिसलं पाहिजे. आत्ता."

सोनूबाईंनी खाटेखालची पिशवी ओढली. चार फडकी, चारही चिंब. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. एवढं सगळं एकत्र त्यांनीही पाहिलं नव्हतं.

मीना सिस्टरनी पिशवी बाळाच्या वजनकाट्यावर ठेवली. आठशे नव्वद ग्रॅम. कोरडं फडकं साठ भरलं. चारांचं वजन वजा जाता साडेसहाशे. म्हणजे साडेसहाशे मिलीलिटर तरी गेलंच. तृप्तीने आकडा सांगितला. "रक्ताच्या दोन पिशव्या मागवतो," असं फोनवर म्हणतच डॉक्टर जिना चढून आत शिरले.

त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. तृप्तीचे दंड भरून आले, तरी तिने हात काढला नाही. आणि मग तळव्याखाली काहीतरी गोळा होऊ लागलं. आधी कडेने, मग मधोमध. घट्ट. तिला ओरडावंसं वाटलं. तिने फक्त घड्याळ पाहून वेळ लिहायला सांगितली. रक्त थांबलं. नाडी एकशे सहा, मग अठ्ठ्याण्णव.

"फडकं कोरडं होतं ना? मग पोट का तपासलंस?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाडीशी मेळ बसत नव्हता, सर."

दुपारभर सोनूबाई दर पंधरा मिनिटांनी भर वॉर्डातून फडकं हातात उंच धरून यायच्या. ठिपकाभर डाग असला तरी.

"बराबर बघा, सिस्टरबाई. मंगच दुसरं घालते."

तृप्ती प्रत्येक फडकं तोलायची आणि लिहून ठेवायची.