नो ताश, साहेब!

मी एक जुनी मिशी आहे, आणि तीही खोटी. त्यामुळे मित्रांनो, दुसऱ्याचं खरं मानायला मी चटकन तयार होत नाही. जी स्वतः डिंकावर जगते, तिने कुणाच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा?

माझा जन्म लंडनचा. विग बनवणाऱ्या एका बाईने जाळीवर एकेक केस गाठीने बांधून मला घडवलं आणि क्रंबीसाहेबांच्या ओठावर चिकटवलं. साहेब विनोदी नट. नायक कधीच नाही. कधी चहा सांडणारा पाद्री, कधी बँकेचा मॅनेजर, कधी तापट मेजर. सिनेमात तीन मिनिटं यायचे आणि हशा घेऊन जायचे. रस्त्यात लोक त्यांना पाहून हसत, पण नाव एकालाही आठवत नसे. मेजरच्या कामाला मीच लागायची. साहेब मला लाडाने 'टॅश' म्हणत. तिकडे बोलण्यात मिशीला असंच म्हणतात. तारीफ त्यांची व्हायची, चिकटलेली मी! असो.

१९५८च्या हिवाळ्यात, कामं आटली तेव्हा, साहेब एका नाटकमंडळीबरोबर कुवेतला आले. इंग्रजांच्या क्लबात तीन प्रयोग होते. आमच्या गेस्टहाऊसचा बेअरर यूसुफ, रत्नागिरीकडचा. कपड्यांना इस्त्री करायचा, चहा आणायचा आणि माझ्याकडे टक लावून बघायचा. मेलं मिशीकडे एवढं काय बघायचं? संध्याकाळी तो स्वयंपाकी अशरफशी व्हरांड्यात हळू आवाजात बोलायचा. रमजाननंतर गावी खैरुन्निसाशी त्याचा निकाह ठरला होता, त्याच गोष्टी चालत. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा त्यांची भाषा मला येत नव्हती, आणि न कळणारी भाषा म्हणजे कटकारस्थानच, असं मी धरून चालले.

शेवटच्या प्रयोगाच्या दुपारी साहेबांनी तालमीनंतर घाम पुसला आणि मी टॉवेलात अडकून धुण्याच्या गाठोड्यात गेले. यूसुफने टॉवेल झटकला. मी फरशीवर पडले.

"या अल्ला!" तो दोन हात मागे उडाला. गोम वाटली असणार! मग मला ओळखून हसला, काहीतरी पुटपुटला, धुतलेल्या रुमालात मला गुंडाळलं आणि खिशात घातलं. चोर! मी मनात ओरडले. म्हटलंच होतं मी!

तो खोलीबाहेर पडतो तोच साहेब गेस्टहाऊसच्या मॅनेजरला घेऊन समोर आले.

"माय टॅश! माझी टॅश कुणी घेतली?"

आता इथेच घोळ झाला. यूसुफला 'ताश' ऐकू आलं. ताश म्हणजे पत्ते. आदल्याच आठवड्यात मॅनेजरने बजावलं होतं, नोकरांच्या खोलीत पत्ते सापडले तर पुढच्या बोटीने घरी. बिचाऱ्याचा चेहरा खाडकन उतरला.

"नो ताश, साहेब! अल्लाची कसम, माझ्यापाशी ताश नाय!"

मॅनेजरने त्याच्या खिशात हात घातला. रुमाल उलगडला. आत मी.

"ही तर मिशी, साहेब! ताश कुठंय?" यूसुफ म्हणत राहिला. कुणी ऐकलं नाही. चोर म्हणून त्याची नोकरी गेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी अशरफने साहेबांना शब्दाचा घोळ समजावून सांगितला. साहेबांना हसू आवरेना. त्यांनी तो चिठोऱ्यावर उतरवून घेतला. मॅनेजरकडे जायचं मात्र राहून गेलं. यूसुफची बोट सुटायला तेव्हा दोन दिवस होते.

लंडनला साहेबांनी त्याची नक्कल बसवली. 'नो ताश, साहेब!' म्हटलं की लोक नाट्यगृह डोक्यावर घ्यायचे. जन्मात पहिल्यांदा साहेबांचं नाव मोठ्या अक्षरांत छापलं गेलं.

१९६५ला तीच नक्कल घेऊन आम्ही पुन्हा कुवेतच्या क्लबात आलो. सगळे पोट धरून हसले. अशरफ आता तिथे वाढपी होता. हातात ट्रे घेऊन तो मागे उभा होता, तो हसला नाही. प्रयोगानंतर आत आला.

"साहेब, लोक ज्याला हसले, तो माणूस गावी चोर ठरला. सोयरीक मोडली त्याची. खैरुन्निसाच्या बापानं चोराला मुलगी दिली नाय."

साहेबांना शंभर तऱ्हेचे चेहरे करता यायचे. त्या वेळी एकही जमेना. त्यांनी यूसुफच्या नावे पत्र लिहिलं, की याने काहीही चोरलेलं नाही. मग मला ओठावरून ओढून अशरफच्या तळहातावर ठेवलं आणि तसेच निघून गेले. पत्र गावी पोचलं. पण खैरुन्निसाचा निकाह सहा वर्षांपूर्वीच दुसरीकडे झाला होता.

तेव्हापासून मी कुवेतमधल्याच शुऐबा गावात, अशरफच्या घरी एका डब्यात आहे. त्याची बायको शहरबानू दिवसभर बोलते. ऐकून ऐकून ही भाषा मला येऊ लागली. तरी माझा संशय कायम होता. खिशात तर घातलंच होतं ना त्याने मला?

परवा शहरबानूला आपल्या भांड्यांत शेजारणीची वाटी सापडली. "अगो, ही नूरबानूची वाटी! शोधत असंल बिचारी. देऊन येतंय." म्हणाली आणि गेलीसुद्धा.

मित्रांनो, मी डब्यात थिजले. हे शब्द मी आधी ऐकले होते. मला रुमालात गुंडाळताना यूसुफ हेच पुटपुटला होता. "साहेबाची मिशी! शोधत असंल बिचारा. देऊन येतंय."

मला जपून ठेवा, असं मी म्हणत नाही. मिशी काय, दुसरी मिळते. पण परक्या भाषेत कुणी पुटपुटलं, तर त्याला चोर ठरवण्याआधी एकदा विचारा, "काय म्हणालास रे?" मला विचारता येत नव्हतं. साहेबांना येत होतं.