लंबूचा आवाज

मी हेडफोन. जन्मभर ऐकलंच, आज तोंड उघडतोय. भीती अजून गेलेली नाही, तेवढं सांभाळून घ्या.

कारखान्यातून निघालो तो थेट नौदलाच्या गुप्तवार्ता कचेरीत. माझे साहेब आठ-आठ तास मला कानाला लावून शत्रूच्या जहाजांचं बोलणं टिपायचे. पलीकडचा एक आवाज आला की गालातल्या गालात हसायचे. तो लंबू. लढाईआधी दोघं एकाच प्रशिक्षणाला होते, एकाच खोलीत. आता तो तिकडचा गुप्तवार्ता अधिकारी. लंबूची मुलगी साहेबांना काका म्हणायची.

एका दुपारी तो आवाज सांकेतिक भाषा सोडून सरळच बोलला. "मास्तर, ऐकतोयस ना? उद्या जखमींचं जहाज उत्तरेकडून नेऊ नका. सुरुंग पेरलेत."

मास्तर हे साहेबांचं त्या खोलीतलं नाव. साहेबांच्या कानशिलांवर घाम फुटला. माझ्या गाद्या ओल्या झाल्या. सांगावं तर शत्रूशी ओळख आहे म्हणून फितूर ठरणार, गप्प बसावं तर चारशे माणसं तळाला. आणि लंबूनंच फसवलं तर?

शेजारच्या टेबलावरच्या बाई कुजबुजल्या, "साहेब, काय झालं हो?"

"काही नाही," म्हणाले, आणि मला गळ्यात तसंच ठेवून मोठ्या साहेबांपुढे उभे राहिले.

मोठ्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "शत्रूवर इतका विश्वास?"

"त्याच्यावर आहे, साहेब."

जहाज दक्षिणेकडून नेलं. उत्तरेला खरोखरच सुरुंग सापडले. कुणी शाबासकी दिली नाही. उलट हुकूम आला, "दोस्ती आहे ना? मग बोलतं करा त्याला. त्यांच्या जहाजांचा तळ कुठे आहे, काढून घ्या."

"ते माझ्याच्यानं होणार नाही."

दोन शिपाई साहेबांना अटक करून न्यायला आले. मला गळ्यातून उतरवताना साहेबांच्या बटणात वायर अडकली. बाईंना एवढंच म्हणाले, "लंबूचा आवाज आला तर लिहू नका. जिवंत आहे, तेवढं मला कळवा."

बाईंनी लढाई संपेपर्यंत मला कानाला लावलं. लंबू पुन्हा बोलला नाही. त्याच्या जागी दुसराच कुणी बोलायचा, तेव्हा बाई डोळे मिटून घ्यायच्या.

साहेब सुटले, पण नोकरी गेली. मी अडगळीच्या खोलीत आहे, एक कान बंद पडलेला. त्या जहाजातलं कुणी भेटलं तर माझा एक निरोप द्या: तुम्हाला दोघांनी वाचवलं, बाबांनो, आणि त्यातला एक शत्रूकडचा होता.