नॅटची चाकं

"हात काढा ना तठून," रंजनाबाई हळूच म्हणाल्या. "सोल्युशन सांडी जाई."

आप्पांचा डावा हात हलेना. ताटात विमान उताणं ठेवलं होतं. वीतभर लांबीचं, प्लॅस्टिकचं, अजून रंग न लागलेलं. त्याच्या पोटातल्या उघड्या खाचेवर आप्पांनी तळवा दाबून धरला होता.

"आं," ते म्हणाले. "आं, आं."

अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, तेव्हा वाचाही गेली. उरलं ते एवढंच. पाणी हवं असलं तरी आं, कूस बदलायची असली तरी आं. नवऱ्याच्या त्या 'आं'मधलं बरंचसं रंजनाबाईंना कळत असे. नोकरीच्या सुरुवातीला धडगावकडच्या डोंगरात त्यांनी पहिलीचा वर्ग घेतला होता. मुलं घरी पावरी बोलणारी, त्यांना मराठी येत नव्हतं आणि बाईंना पावरी. मुलाच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघितलं की त्याला काय हवं ते समजतं, हे त्या तिथे शिकल्या.

आणि हात धरूनच शिकवायचं. ज्याचा हात पाटीवर अडला असेल, त्याच्यावर रागवायचं नाही. तो हात आपल्या हातात घ्यायचा, थोपटायचा आणि अक्षर पुरं करायचं. अशी किती मुलं त्यांच्या हाताखालून लिहिती झाली होती.

त्यांनी आप्पांचा हात तसाच उचलला, थोपटला आणि पांघरुणावर ठेवला. मग दोन पातळ पट्ट्यांना ब्रशने प्लॅस्टिक चिकटवायचं सोल्युशन लावलं, त्या खाचेवर बसवल्या आणि बोटाने दाबून धरल्या. पोटाखालची दारं बंद झाली.

"व्हई गयं," त्या म्हणाल्या. "दखा बरं, कसं झकास बसनं."

आप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. थकले असतील, असं रंजनाबाईंना वाटलं.

विमान होतं नॅट. एकाहत्तरच्या लढाईत नवल पाटील, म्हणजे आप्पा, हवाई दलात याच विमानाचे मेकॅनिक होते. भाग्येशने पुण्याहून वडिलांसाठी ही सुट्या भागांची पेटी मागवून दिली, तेव्हा ते धडधाकट होते. भिंग लावून त्यांनी आधी आतली खुर्ची केली, तिच्यात नखाएवढा पायलट बसवला, त्याचं हेल्मेट रंगवलं, पट्टेसुद्धा रंगवले. विमानाचे दोन्ही अर्धे भाग जोडले. त्यानंतर चार दिवसांत हे आजारपण आलं. डॉक्टर म्हणाले होते, त्यांच्या आवडीचं काही डोळ्यांसमोर चालू ठेवा. म्हणून उरलेलं विमान रंजनाबाईंनी हाती घेतलं होतं. पुरं झालेलं विमान बघून या माणसाचा चेहरा एकदा उजळावा, एवढंच त्यांना हवं होतं.

पेटीतल्या कागदावर दोन चित्रं होती. एकात विमान जमिनीवर चाकांवर उभं; दुसऱ्यात आकाशात, चाकं पोटात घेऊन दारं बंद केलेलं. निवडायला रंजनाबाईंना क्षणही लागला नाही. पहिलीतल्या मुलांनी काढलेली शेकडो विमानं त्यांनी पाहिली होती. त्यातलं एकही जमिनीवर नव्हतं.

दुपारी आप्पांना कूस बदलायला मदत म्हणून शेजारच्या बेबीबाई आल्या. त्या मिरची वाळवायच्या पथारीवर देठं खुडायला जात, त्यामुळे त्यांच्याबरोबर घरात ठसकाही येई.

"ताई, हाई काय करी ऱ्हायनात? नातू येनार शे का?"

"आप्पास्नं इमान शे."

"आप्पास्नं?" बेबीबाई खाटेकडे वळल्या. "मंग माले बी बठाडशात का आप्पा? सुरतले जाऊत. गाडीमा भलती गर्दी ऱ्हास."

आप्पा शिंकले. बेबीबाई हसल्या. "हाई दखा, इंजन चालू व्हयनं!"

रंजनाबाईही हसल्या. विमानाला हिरवा-करडा रंग देऊन त्यांनी ते दारापुढच्या ओट्यावर वाळत ठेवलं, आणि तिथे चुकल्या. वारा पथारीकडून येत होता. ओल्या पंखांवर मिरचीची लाल धूळ बसली. बारीक पॉलिश पेपरने सगळं घासून त्यांना ते पुन्हा रंगवावं लागलं, खिडक्या लावून, खोलीतच. तिरंगी गोलांची चित्रं वाटीतल्या पाण्यात भिजवून पंखांवर सरकवली. आप्पा सगळं बघत होते. पण वर्गात शिक्षा झालेलं मूल खिडकीबाहेर बघतं, तसं.

रंग वाळल्यावर त्यांनी विमान आप्पांच्या डाव्या हातात दिलं.

आप्पांनी ते उलटं केलं. पंख नाही, शेपटी नाही, थेट पोट. बंद दारांच्या रेघेवरून त्यांचा अंगठा फिरू लागला. मग त्यांनी नख लावलं. रंग खरवडला जाऊन नखात भरला, तरी ते उकरतच राहिले.

"आं," ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी येत होतं.

रंजनाबाई त्या हाताकडे बघत राहिल्या.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आप्पांनी एकदाच सांगितलं होतं. सकाळी त्यांनी विमान तयार करून दिलं, ते उडवणाऱ्या साहेबांचे पट्टे आवळले, चाकांपुढचे लाकडी ठोकळे ओढून घेतले. साहेब विमान घेऊन गेले. विमान परतलं की तेच ठोकळे पुन्हा चाकांना लावायचे. अंधार पडेपर्यंत ते ठोकळे घेऊन धावपट्टीच्या कडेला उभे होते. शेवटी कुणीतरी येऊन ते हातातून काढून घेतले. "साहेबनं काम उडानं," आप्पा म्हणाले होते, "मन्हं काम उतरेल इमान धरानं. ते काम ऱ्हायी गयं."

आप्पांना हवं होतं ते कागदावरचं पहिलं चित्र, चाकांवर उभं असलेलं.

रंजनाबाईंनी भाग्येशला फोन लावला.

"आई, ते आते निघाव नही," तो म्हणाला. "ते सोल्युशन डिंकसारखं नही ऱ्हास. प्लॅस्टिकलेच वितळाडस."

"वरथून चाकं चिटकाडू का?"

"चाकं शेत ना?"

दारं लावून झाल्यावर उरलेले तुकडे रंजनाबाईंनी झाडून घंटागाडीत टाकले होते. खोली नेहमी स्वच्छ ठेवायची त्यांची सवय.

"जाऊ दे ना आई. दुसरी पेटी मागाडी देस."

"दुसरी पेटीमा तुन्हा बापना हातना साहेब नही ना रे बेटा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

ब्लेड घेऊन त्यांनी दाराच्या रेघेत टोक घातलं. हलकेच दाबलं. कट्‌ असा आवाज झाला आणि पंखाच्या मुळाशी चीर गेली. आणखी दाबलं तर आतली खुर्ची मोडली असती. त्यांनी ब्लेड खाली ठेवलं.

मग त्या उठल्या. विमान हातात घेऊन दारापाशी गेल्या आणि तिथून हळूहळू, खाली खाली आणत, खाटेकडे निघाल्या.

"दखा, इ ऱ्हायनात साहेब," त्या म्हणाल्या. "वापस इ ऱ्हायनात."

आप्पांची नजर विमानावर खिळली. आजारपणात कधी नव्हती इतकी ती स्वच्छ होती. विमान पांघरुणापासून हातभर अंतरावर आलं, तेव्हा त्यांनी डावा हात डोक्यावर नेला आणि जोरात आडवा हलवला. एकदा, पुन्हा एकदा.

ही खूण रंजनाबाईंना ठाऊक होती. भाग्येश लहान असताना सायकलचं विमान करून अंगणात उतरायला आला, की आप्पा त्याला असंच परत फिरवायचे. चाकं उघडलेली नाहीत. उतरू नका. पुन्हा वर जा.

रंजनाबाईंनी विमान वर उचललं. दारापर्यंत जाऊन वळवून आणलं. आप्पांनी पुन्हा हात हलवला.

हात भरून आला, तेव्हा त्यांनी विमान दुसऱ्या हातात घेतलं. खाली मात्र ठेवलं नाही.