काळ्या रानातलं मडगार्ड

पावसाळा लागला की शांभवीच्या पाठीवर चिखलाची रेघ उठायची. कमरेपासून निघायची ती थेट मानेपर्यंत. रेनकोट काढावा तर वेणीतही शिंतोडे. शहरात, राजारामपुरीतल्या चष्म्याच्या दुकानात ती गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवायची. एकदा मोतीबिंदू काढून आलेल्या एका आजींनी नवा चष्मा डोळ्याला लावला, दुकानभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "लई ब्येस दिसतंय की गं! पोरी, तुझ्या वेणीवर काय सांडलंय?"

सगळं दुकान हसलं. शांभवीही हसली. पण सायकलला मडगार्ड बसवायचं तिनं तिथंच ठरवलं.

सायकल माहेरची, गारगोटीची. गियरची, हलकी, चाकं उघडी. लग्न करून ती शिये गावाजवळच्या रानातल्या घरात आली, तशी मागोमाग सायकलही आली. नवरा संगमेश शिरोली एमआयडीसीत पहिल्या शिफ्टला, कंपनीच्या बसनं जायचा. शांभवी उसामधली कच्ची पाणंद पार करून डांबरी रस्त्याला लागायची आणि कसबा बावड्यावरनं शहर गाठायची.

तिचा बेत ऐकून सासरे चन्नाप्पा गोठ्यातनंच ओरडले. त्यांचं साधं बोलणंही चार रानं पलीकडं जायचं.

"मडगार्ड? आजाबात बसवू नगंस!"

"का ओ मामा?"

"काळी माती हाय ही. मडगार्डात जाऊन बसली की चाक फिरायचं न्हाय."

"आमच्या गारगोटीत सगळ्यांच्या सायकलींना असतात की."

"तुमची तांबडी माती. पाणी वतलं की जाती. आमची एकदा चिकटली की सोयऱ्यागत मुक्कामालाच ऱ्हाती!"

म्हाताऱ्या माणसांना नवं काही रुचत नाही, असं मनाशी म्हणत शांभवीनं रविवारी शहरातनं मडगार्ड बसवून आणलीच. पाऊस उघडला होता, पाणंद वरनं वाळली होती. सायकल झोकात घरी आली.

रात्री पावसानं झोडपलं. सकाळी ती निघाली आणि विहिरीच्या वळणापर्यंत जाते न जाते तोच चाक जड झालं. मग थांबलंच. मडगार्ड आणि टायरच्या मध्ये मातीचा गिलावा बसला होता. काटकीनं तिनं तो उकरून काढला. चार पावलं गेली की पुन्हा तेच. सायकलवर बसणं राहिलं बाजूला, ढकलणंही होईना. तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, तेवढ्यात पावसामुळं डेअरीला उशिरा निघालेले चन्नाप्पा दुधाची किटली घेऊन मागनं आले.

"सांगितलं हुतं का न्हाय?"

"सांगितलं होतं."

"मग धर ही किटली."

त्यांनी सायकल खांद्यावर घेतली आणि चिखल तुडवत डांबरीपर्यंत नेली. तिथं दोघांनी मिळून चाकं साफ केली. शांभवी शहराकडं निघाली तेव्हा रस्ताभर पाण्याची डबकी होती. दुकानात जाऊन तिनं रेनकोट उलटसुलट करून पाहिला. पाठीवर एक शिंतोडा नव्हता!

संध्याकाळी मामांनी विषय काढला. "आता काढून टाक ती."

"रस्त्यावर लई चांगली चालतात, मामा."

"आन् रानात?"

शांभवी भाकरी थापता थापता थांबली. रस्त्याला मडगार्ड हवीत, रानाला नकोत. मग सायकल रानात आणायचीच कशाला?

दुसऱ्या दिवशी तिनं डांबरीच्या कडेला पिठाची गिरण चालवणाऱ्या धोंडुबाईंना विचारलं. त्या पीठ झटकत म्हणाल्या, "ठेव की. पर दळणाला आलेली पोरं घंटी वाजवत बसली तर मला बोलायचं न्हाय."

तेव्हापासनं शांभवी चपला हातात घेऊन पाणंदीनं चालत जाऊ लागली. चन्नाप्पा आधी पहाटेच डेअरीला जायचे. आता तिची निघायची वेळ झाली की त्यांचीही किटली भरलेली असायची. पाय कुठं टाकायचा, कुठं नाही, हे ते ओरडून सांगायचे. "हरळीवरनं चल! मधनं जाऊ नगंस!" ती दुकानातल्या गमती सांगायची. एका पावण्यानं सारी दुपार आरशापुढं काढली आणि शेवटी जुनीच फ्रेम घालून गेला, हे ऐकून मामा इतके हसले की किटलीतलं दूध सांडलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण एवढं बोलणं दोघांत कधी झालं नव्हतं. धोंडुबाईंच्या नळावर पाय धुऊन ती सायकलवर बसायची आणि स्वच्छ पाठीनं कामावर पोचायची.

दसरा झाला. पाणंद वाळून टणक झाली. सुट्टीच्या सकाळी संगमेश म्हणाला, "आता चिखल कुठं हाय? आण की सायकल घरी."

शांभवीनं मामांकडं पाहिलं. मामा किटलीचं झाकण घट्ट करत होते.

"ऱ्हाऊ दे तिथंच," ते म्हणाले. "धोंडुबाईला तिची सवय झालीया."

"व्हय, राहू दे," शांभवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मामा आणि शांभवी नेहमीच्या वेळेला बरोबरच बाहेर पडले.