मूळचं इंजिन

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमध्ये तपासनीस जीपच्या इंजिनावर ओणवा झाला, तेव्हा वहिनी त्याच्यासाठी बॅटरी धरून उभ्या होत्या. हात थरथरत होता, म्हणून उजेडही थरथरत होता.

"जरा खाली. बास. आता हलू नका."

"मी नाही हो हलत. वय हलतंय."

तो हसला, पण डोकं वर काढलं नाही. जुन्या गाड्यांच्या संग्रहालयाने त्याला पाठवलं होतं. इंजिन मूळचं निघालं तर संग्रहालय जीप नेणार होतं आणि तिच्याजवळ वहिनींच्या यजमानांच्या नावाची पाटी लावणार होतं. नाही निघालं, तर भंगारवाला तोलून नेणार होता. महिनाअखेर घर रिकामं करून वहिनी लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत जायच्या होत्या. तिथे त्यांची शिवणमशीनसुद्धा मावत नव्हती, जीप कुठली मावायला!

सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणे. वाणी म्हणे, पोस्टमन म्हणे, कालपरवा राहायला आलेले भाडेकरूही म्हणत. खरं तर त्या एकाच माणसाच्या वहिनी होत्या, आणि त्याने सतरा वर्षांत त्यांना हाक मारली नव्हती.

"नंबर कागदाशी जुळतोय," तपासनीस म्हणाला.

वहिनींचा जीव भांड्यात पडला. "मी सांगत नव्हते? हे नेहमी म्हणायचे, हे इंजिन जन्मापासून याच गाडीत आहे."

इंजिनाच्या ओतीव ब्लॉकच्या कडेवरून बोट फिरवत तपासनीस एका जागी थांबला, नखाने टोकरलं, मग खिशातून बोथट पातं काढून हलकेच खरवडू लागला. रंगाखालून राखाडी खपली निघाली.

"ब्लॉक ओततानाच त्याच्यावर सालाचे आकडे उठवलेले असतात. ते इथे हवेत. इथे कुणीतरी पुट्टी लिंपून वर रंग दिलाय." त्याने फुंकर मारली. "पाच... चार. चोपन्न. आणि गाडी एक्कावन्नची. ती रस्त्यावर आली तेव्हा हे इंजिन ओतलंही नव्हतं, वहिनी."

"म्हणजे?"

"म्हणजे इंजिन बदललंय. जुना नंबर यावर हाताने ठोकलाय."

"शक्य नाही. ह्यांनी उभ्या जन्मात जुना पार्ट नवा म्हणून कुणाच्या गळ्यात मारला नाही."

तपासनिसाने हात पुसले. त्या काळी तुमच्या यजमानांच्या गॅरेजमध्ये काम केलेलं कुणी असेल तर विचारून बघतो, मगच अहवाल लिहितो, असं म्हणाला. माणूस भला होता. सोमवारी पुन्हा येणार होता.

तसं कुणी एकच होतं.

दुपारभर वहिनी फोनभोवती घुटमळत राहिल्या. फोन पुसला, त्याखालचा रुमाल बदलला, आणि शेवटी नंबर फिरवला.

"कोण?"

"मी. वहिनी."

पलीकडे चालू असलेला रेडिओ बंद झाला. मग, "बोला."

सोमवारी भावजी आले. केस पांढरे झाले होते, चाल मात्र तीच, एक खांदा पाडून. घरात न येता थेट जीपच्या शेडमध्ये गेले. चार वर्षांपूर्वी भावाच्या मयतालाही असेच आले होते. कोपऱ्यात उभे राहिले आणि कुणाशी न बोलता निघून गेले. दोघा भावांचं कशावरून बिनसलं ते वहिनींना कधी कळलं नाही. एक्क्याऐंशी साली, गिऱ्हाइकांनी भरलेल्या गॅरेजमध्ये, यांनी जीपच्या बॉनेटवर थाप मारून नेहमीसारखं म्हटलं होतं, "मूळचं इंजिन! विचारा आमच्या धाकट्याला!" आणि धाकट्याने हातातला पाना खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. त्या दिवशी सकाळी वहिनी डब्यातल्या भाजीवरून भावजींना काहीतरी लागट बोलल्या होत्या. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं, घर मोडलं ते त्या भाजीपायी.

"हे इंजिन कधी खाली उतरवलं होतं का?" तपासनिसाने विचारलं.

भावजींनी वहिनींकडे पाहिलं. "दादा काय म्हणायचा?"

"मूळचं."

"मग मूळचंच."

तपासनिसाने बॅटरीचा झोत त्या आकड्यांवर टाकला. भावजी बघत राहिले.

"नंबर माझ्या हातचा आहे," ते शेवटी म्हणाले. "एकसष्ट साल. दादा पाय मोडून हॉस्पिटलात होता. मी मित्रांना घेऊन, रेडिएटरमध्ये पाणी न घालता, गाडी घाटात घातली. ब्लॉक तडकला. जीव गेला तरी चालेल, पण दादाला कळायला नको, असं झालं होतं. भंगारातून दुसरा आणला, जुना नंबर ठोकला. तो परत आला, गाडी चालू केली, घटकाभर ऐकत राहिला. म्हणाला, बरी ठेवलीस गाडी." त्यांनी मडगार्डवर तळवा टेकवला. "तेव्हापासून दिसेल त्याला मूळचं, मूळचं! आणि दर वेळी विचारा धाकट्याला. वीस वर्षं ऐकलं मी ते. आधी वाटायचं, बिचाऱ्याला माहीत नाही. मग वाटायला लागलं, माहीत आहे आणि चारचौघांत चिमटे काढतोय."

"आणि पुट्टी?" तपासनीस म्हणाला. "नंबर ठोकलात तसे आकडेही तुम्हीच बुजवलेत ना?"

"कसली पुट्टी?"

"ही."

"मी नाही. बावीस वर्षांचा होतो मी. ओतीव आकडे बघतात हे मला कुठलं ठाऊक असायला!"

ते वाकले. खरवडायची राहिलेली अर्धी पट्टी त्यांनी बोटाने चाचपली, एकदा, मग पुन्हा. पुट्टी सगळे पात्याने ओढतात. ही अंगठ्याने दाबून गुळगुळीत केलेली होती, कडेला अंगठ्याची गोलाई जशीच्या तशी. गॅरेजमध्ये अंगठ्याने पुट्टी लावणारा एकच माणूस होता, आणि त्यावरून भावजी आणि वहिनी दोघं दादाची टिंगल करत.

भावजींनी हात मागे घेतला. उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसले आणि कितीतरी वेळ स्वतःचा अंगठा बघत राहिले.

"चहा टाकते," वहिनी म्हणाल्या. पण गेल्या नाहीत.

तपासनिसाने खरं तेच लिहिलं. संग्रहालयाने नकार कळवला. वहिनी ठरल्या तारखेला लेकीकडे गेल्या. तिथे सगळे त्यांना आजी म्हणत. रविवारी भावजींचा फोन येई. दोघांना फारसं बोलता येत नसे. तब्येत, पाऊसपाणी, आणि "ठेवतो, वहिनी". तेवढ्या हाकेसाठी त्या सकाळपासून फोनजवळ खुर्ची ओढून बसत. पुढच्या हिवाळ्यात, दोन दिवसांच्या तापाने, त्या गेल्या.

तपासनीस निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेला. जीप भावजींनी भंगारवाल्याला तोलू दिली नाही, स्वतःच्या अंगणात नेऊन ठेवली. इंजिन दुसऱ्या कुणाला पुसू देत नसत. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने ती एका हौशी माणसाला विकली. त्याने तिच्यावर पुष्कळ कष्ट घेतले. इंजिन उतरवलं, उरलेली पुट्टी खरवडली, घासून लख्ख केलं, नवा रंग दिला. आता ते सालाचे आकडे अगदी स्पष्ट वाचता येतात.